पऱ्हाटीचा हिशेब

फेब्रुवारीच्या शेवटी यवतमाळकडच्या कुठल्याही कापसाच्या गावात संध्याकाळी गेलं, की धुऱ्याधुऱ्यावर धूर दिसतो. शेवटचा वेचा झालेला असतो. झाडांवर दोन-चार न उमललेली बोंडं तेवढी लोंबत असतात. उभी पऱ्हाटी उपटून तिचे ढीग घातलेले असतात आणि ते पेटवलेले असतात. माझ्या लहानपणी इतके ढीग पेटत नसत. पऱ्हाटी उपटायला तेव्हा मजुरीही द्यावी लागत नसे. ज्यांच्याकडे जमीन नाही अशा घरांतल्या बाया येत, लोखंडी चिमट्यानं झाड मुळासकट उपटत, भारे बांधत आणि डोक्यावरून घरी नेत. त्यांच्या चुलीचं पावसाळ्यापर्यंतचं सरपण होई आणि आमचं वावर मोकळं होई. पैशाचा व्यवहार मधे नव्हता, म्हणून तो कुठल्या वहीतही नव्हता.

याच पऱ्हाटीतून आता हायड्रोजन काढता येतो. पाचटातून, भाताच्या पेंढ्यातून, सोयाबीनच्या कुटारातून, तुराट्यांतूनही तो निघतो. देशातल्या प्रयोगशाळांनी हे करून दाखवलं आहे, सरकारी व्याख्येनं अशा हायड्रोजनला ‘हरित’ म्हणून मान्यता दिली आहे आणि शेतकऱ्याला काडीचे पैसे मिळतील असं सांगणारी माणसं गावोगाव फिरू लागली आहेत. मी या विषयाकडे वळले ती आशेपोटी, आणि ती आशा मी सोडलेली नाही. पण गेल्या काही वर्षांत जितके अहवाल वाचले, जितक्या सादरीकरणांना बसले, तितकी एक गोष्ट खुपत गेली. जवळजवळ प्रत्येक ठिकाणी हिशेब कारखान्याच्या फाटकापाशी सुरू होत होता. काडी फाटकातून आत आली, तिचं वजन झालं, मग पुढचं सगळं बारकाईनं मोजलं. ती कुठून आली, तिथं एरवी तिचं काय झालं असतं, ती उचलल्यावर मागं काय उरलं, हे मोजलेलं नव्हतं. हा हिशेब वावरापासून मांडून पाहावा, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिलं.

आधी शब्दांविषयी थोडं. इंग्रजीतल्या ‘बायोमास’ला मराठीत जैवभार, जैववस्तुमान असे प्रतिशब्द आहेत आणि शास्त्रीय लेखनात ते चालतातही. पण शेतात जैवभार नावाचं काही नसतं. तिथं पऱ्हाटी असते, पाचट असतं, कुटार, कडबा, पेंढा, भुसकट, धसकटं असतात, आणि प्रत्येकाचं नशीब वेगळं असतं. कडबा जनावराच्या पोटात जातो. कुटारही बहुतेक गोठ्यातच संपतं. पाचट कुठं जळतं, कुठं सरीत कुजतं. पऱ्हाटी चुलीत जाते किंवा धुऱ्यावर जळते. या सगळ्यांना एका शब्दात बांधलं की हे वेगवेगळं नशीब दिसेनासं होतं, आणि पर्यावरणाचा खरा प्रश्न तर तिथंच आहे. म्हणून या पुस्तकात जिथं जमलं तिथं त्या त्या वस्तूचं गावातलं नावच वापरलं आहे, आणि सगळ्यांविषयी एकत्र बोलणं भागच पडलं तिथं ‘काडी’ म्हटलं आहे. ‘शेतातला कचरा’ हा शब्दप्रयोग मात्र मी कुठंही केलेला नाही. मातीत जाणाऱ्या, गुरांच्या तोंडी लागणाऱ्या किंवा चूल पेटवणाऱ्या वस्तूला कचरा म्हणणं मला चुकीचं वाटतं.

आता काडीतून हायड्रोजन निघतो कसा, ते पाहू. वाळलेल्या काडीच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो, त्याखालोखाल ऑक्सिजन आणि जेमतेम सहा टक्के हायड्रोजन. म्हणजे एक किलो काडीत साठ ग्रॅम. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. एस. दासप्पा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या पद्धतीत मात्र एक किलो काडीमागे शंभर ग्रॅम हायड्रोजन मिळतो. वरचे चाळीस ग्रॅम येतात पाण्यातून. काडी भट्टीत ऑक्सिजन आणि वाफेच्या सान्निध्यात तापवतात. ऑक्सिजन इतका मोजून दिलेला असतो की काडी पुरती जळत नाही, तिचा वायू होतो. या वायूत हायड्रोजन असतो आणि कार्बन मोनॉक्साइडही. तो मोनॉक्साइड पुन्हा वाफेशी भिडवला की वाफेतला ऑक्सिजन स्वतःकडे घेऊन त्याचा डायऑक्साइड होतो आणि वाफेतला हायड्रोजन सुटा होतो. काडीतला कार्बन असा पाणी फोडण्याच्या कामी येतो. मला ही कल्पना पहिल्यांदा कळली तेव्हाचा आनंद अजून आठवतो. ज्या झाडानं सूर्यप्रकाशात पाणी फोडून स्वतःचं अंग वाढवलं, त्याचंच वाळलेलं अंग पुन्हा पाणी फोडतं.

काडीपासून वायू करण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा मागं कोळशाची भट्टी लावलेल्या मोटारी आपल्या रस्त्यांवर धावत होत्या. पुढं १९९० च्या दशकात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं उसाचं पाचट आणि बगॅस यांवर चालणारी वायूभट्टी उभी केली. हे काम मला फार मोलाचं वाटतं, कारण त्यांनी अवघड वस्तू हाती घेतली होती. लाकडाचे ठोकळे भट्टीत घालणं सोपं. पाचट हलकं, फुगलेलं. भट्टीत अडकून बसतं, मधेच पोकळ्या होतात, राख वितळून तिचे खडे जमतात. भाताच्या पेंढ्याचं तर आणखी कठीण, कारण त्यात वाळूसारखी सिलिका भरपूर आणि पोटॅशही भरपूर. कागदावर सगळी काडी सारखी दिसते, पण भट्टीला ती सारखी नसते. आजच्या हायड्रोजनच्या चर्चेत फलटणच्या या अनुभवाची आठवण क्वचितच कुणी काढतं. या पुस्तकात त्यावर एक पूर्ण प्रकरण आहे.

दुसरी वाट जिवाणूंची. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं सेंटिएंट लॅब्जच्या सोबतीनं २०२१ मध्ये एक पद्धत जाहीर केली. भात, गहू, मका यांचे अवशेष उष्णतेची, रसायनांची किंवा विकरांची पूर्वप्रक्रिया न करता जिवाणूंच्या एका समूहाकडे सोपवायचे. ते आधी हायड्रोजन देतात आणि दुसऱ्या टप्प्यावर मिथेन. इथं भट्टी नाही, तिच्या वायूतलं डांबर नाही, ओल्या मालाला वाळवायचा खर्च नाही. पण जिवाणू आपल्यासाठी राबत नाहीत, ते स्वतःसाठी जगतात. ग्लुकोजच्या एका रेणूतून तत्त्वतः हायड्रोजनचे बारा रेणू निघू शकतात. अंधारात आंबवणारे जिवाणू जास्तीत जास्त चार देतात आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी. उरलेली ऊर्जा ॲसेटिक, ब्युटिरिक अशा आम्लांत अडकून राहते. म्हणून तर दुसऱ्या टप्प्यावर मिथेन काढावा लागतो. शिवाय लिग्निनचं कवच असलेली लाकडी वस्तू जिवाणूंना पचत नाही. पऱ्हाटी भट्टीची, पेंढा जिवाणूंचा, अशी ढोबळ वाटणी निसर्गानंच करून ठेवली आहे.

हायड्रोजनची हाव आजच का सुटली, ते पाठोपाठ सांगितलं पाहिजे. आपल्याकडे हायड्रोजन आजही लाखो टन लागतो, मुख्यतः खतकारखान्यांना आणि तेलशुद्धीकरणाला. शेतात पडणाऱ्या युरियाच्या प्रत्येक गोणीमागं तो आहे. हा हायड्रोजन बहुतेक नैसर्गिक वायूपासून येतो आणि एक किलो काढताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कोळशापासून काढला तर त्याच्या जवळपास दुप्पट. ४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं १९,७४४ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट ठेवलं. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्रानं स्वतःचं हरित हायड्रोजन धोरण आणलं. भर अर्थातच सौर आणि पवनविजेनं पाणी फोडण्यावर आहे. पण त्या रस्त्यानं एक किलो हायड्रोजनला ५० युनिटांहून अधिक वीज लागते. ती वीज नेहमीच्या वीजपुरवठ्याच्या जाळ्यातून घेतली, तर आपल्या देशात एका युनिटमागं सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरावा लागतो, म्हणजे किलोमागं ३५ किलोंच्या वर, कोळशाच्या भट्टीपेक्षाही वाईट. काडीच्या वाटेला वीज फार कमी लागते. तिचं खरं बळ हे आहे, आणि टीका करण्याआधी ते मान्य केलं पाहिजे.

आता हिशेबाकडे येते. एक किलो हायड्रोजनसाठी दहा किलो कोरडी काडी लागते असं धरू. त्या दहा किलोंत सुमारे पावणेपाच किलो कार्बन असतो. तो सगळा शेवटी कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो, आणि त्याचं वजन भरतं सतरा किलो. सतरा! नैसर्गिक वायूच्या कारखान्याहून जास्त. हा आकडा मी सभांमध्ये सांगते तेव्हा लोक दचकतात, आणि मग कुणीतरी बरोबर उत्तर देतं की हा कार्बन झाडानं हवेतूनच घेतला होता, तो हवेत परत गेला, म्हणून तो शून्य धरायचा.

हे शून्य खरं आहे का? कापसाच्या बाबतीत बरंचसं खरं आहे. पऱ्हाटी जूनमध्ये पेरलेल्या बियांतून उभी राहते आणि पुढच्या फेब्रुवारीत वाळते. तिनं हवेतून घेतलेला कार्बन आठ-नऊ महिन्यांपूर्वीचा असतो, आणि पुढच्या हंगामात नवी पऱ्हाटी तो पुन्हा उचलते. जंगलातलं लाकूड भट्टीत घातलं तर हेच शून्य खोटं ठरतं. साग तोडल्याचा कार्बन आज एका दिवसात हवेत जातो आणि परत लाकडात बसायला कित्येक दशकं लागतात. ती दशकं हवामानाच्या दृष्टीनं मोकळी नसतात. म्हणून या पुस्तकात मी जंगलाच्या लाकडाला हायड्रोजनच्या चर्चेत जागाच दिलेली नाही. यावर कुणी वाद घालायचा तर घालावा, माझं मत बदललेलं नाही.

पण पऱ्हाटीचं शून्यसुद्धा एका अटीवर टिकतं: वावरात मागं उरलेली माती होती तशीच राहिली पाहिजे. इथं सरकारी व्याख्या नीट वाचणं आवश्यक आहे. नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये हरित हायड्रोजनचं मानक जाहीर केलं. काडीपासूनच्या हायड्रोजनसाठी त्यात म्हटलं आहे की काडीवरची प्रक्रिया, उष्णता आणि वाफ तयार करणं, रूपांतर, शुद्धीकरण, वाळवण आणि दाबणं या टप्प्यांवरचं जैविकेतर उत्सर्जन बारा महिन्यांच्या सरासरीनं एका किलोमागं दोन किलोंच्या आत असावं. जैविकेतर म्हणजे डिझेल, जाळ्यातली वीज आणि असंच इतर. ही मर्यादा पुष्कळ देशांच्या मानानं कडक आहे, आणि तिचं स्वागतच व्हायला हवं. पण मोजणी सुरू होते ती काडी प्रक्रियेला आल्यावर. वावर या मोजणीत नाही.

वावर मोजणीत आलं तर काय होईल, ते एका साध्या गणितानं पाहू. समजा हीच दहा किलो काडी उचलली नसती, ती मातीत कुजली असती आणि तिच्यातल्या कार्बनचा दहावा हिस्सा ह्यूमसच्या रूपात टिकून राहिला असता. उचलल्यामुळं तो हिस्सा मातीत आला नाही. तो कार्बन डायऑक्साइडच्या रूपात मोजला तर पावणेदोन किलोंच्या आसपास भरतो. म्हणजे मानकानं साऱ्या कारखान्याला जेवढी मुभा दिली आहे, जवळजवळ तेवढा बोजा एकट्या मातीच्या खात्यावर चढतो, आणि तो कुठंच लिहिला जात नाही. ज्या मातीत सेंद्रिय कर्ब आधीच अर्ध्या टक्क्याच्या खाली घसरला आहे, तिच्या खात्यातून ही उचल होते. आमच्याकडच्या बऱ्याच काळ्या-भुरक्या जमिनींची गत हीच आहे.

आता हाच हिशेब उलटा करून पाहा. तीच काडी एरवी धुऱ्यावर पेटवून दिली जाणार होती असं समजा. तेव्हा मातीत तिच्यातलं जवळजवळ काहीच जाणार नव्हतं. उलट धूर, काजळी, थोडा मिथेन, थोडा नायट्रस ऑक्साइड हवेत गेला असता आणि गावातल्या म्हाताऱ्यांच्या छातीत भरला असता. अशी काडी हायड्रोजनसाठी नेली तर मातीचा तोटा नाही आणि हवेचा निव्वळ फायदा. वस्तू तीच, भट्टी तीच, तरी एका वावरातली काडी स्वच्छ आणि शेजारच्या वावरातली काडी तितकीशी स्वच्छ नाही. ‘एरवी काय झालं असतं’ हा प्रश्न विचारल्याशिवाय काडीच्या हायड्रोजनचा पर्यावरणीय परिणाम सांगताच येत नाही, आणि या पुस्तकातलं प्रत्येक प्रकरण याच प्रश्नानं सुरू होतं.

पाचटाचं उदाहरण यासाठी बोलकं आहे. पश्चिम महाराष्ट्रात ऊस तुटला की पाचट पेटवून देण्याची रीत कित्येक वर्षं होती. कृषी विद्यापीठांनी, साखर कारखान्यांच्या शेतकी खात्यांनी आणि कितीतरी धडपड्या शेतकऱ्यांनी ती मोडायला घेतली. पाचट न जाळता खोडव्याच्या सरीत पसरायचं, त्याची कुट्टी करायची, वर थोडं युरिया-सुपर आणि जिवाणू टाकायचे. एका हेक्टरात आठ ते दहा टन पाचट निघतं. त्यात चाळीस-पन्नास किलो नत्र आणि त्याच्या दुपटीच्या आसपास पालाश असतं. पाणी कमी लागतं, तण दबतं, गांडुळं परत येतात. हे सगळं लोकांच्या गळी उतरायला एक पिढी गेली. आता अशा शेतकऱ्याला टनामागं दर देऊन पाचट विकायला लावलं, तर हायड्रोजन कितीही शुद्ध निघो, आपण एक मिळवलेली गोष्ट गमावू. माझ्या मते खोडव्याचं पाचट हायड्रोजनवाल्यांनी मागूच नये. पेटवलं जाणारं पाचट अजूनही पुष्कळ आहे, त्यासाठी जरूर यावं.

पऱ्हाटीच्या बाबतीत माझं मत बरोबर उलटं आहे. पऱ्हाटी लाकडासारखी कठीण, ती वावरात लवकर कुजत नाही. शिवाय गुलाबी बोंडअळीचं चक्र मोडायचं तर पऱ्हाटी वेळेत वावराबाहेर गेलीच पाहिजे. फरदड, म्हणजे शेवटच्या वेच्यानंतरही पिकासाठी राखलेली पऱ्हाटी, ठेवू नका, पऱ्हाट्यांचे ढीग पावसाळ्यापर्यंत बांधावर रचू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं, कारण अळी त्यातच दडून राहते. राज्यात सुमारे ४० लाख हेक्टरांवर कापूस होतो. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं पऱ्हाटीपासून पाट्या आणि इंधनाच्या विटा करण्याचं काम बरंच आधी केलं आहे, त्यामुळं ती गोळा कशी करायची, तिचे तुकडे कसे करायचे याची माहिती हाताशी आहे. राज्यात काडीच्या हायड्रोजनला सुरुवात करायची तर ती पऱ्हाटीपासून करावी, असं मला वाटतं. फक्त कारखान्याच्या आवारातही तिचे ढीग तसेच ठेवून चालणार नाही. तुकडे लगेच व्हायला हवेत, नाहीतर अळीचं एक नवं घर आपण स्वतःच बांधून देऊ.

कारखाना किती मोठा असावा? रोज दहा टन हायड्रोजन करणारा कारखाना कल्पून पाहू. त्याला रोज शंभर टन, वर्षाला ३३ हजार टन कोरडी काडी लागेल. हेक्टरी अडीच टन पऱ्हाटी धरली आणि शिवारातली सगळीच्या सगळी मिळाली तरी तेरा हजार हेक्टर लागतात. तिसरा हिस्सा मिळाला तर चाळीस हजार. आणि ही सारी काडी दोन-तीन महिन्यांत हाती येते, उरलेलं वर्ष ती साठवायची, पावसापासून आणि आगीपासून जपायची. वाहतुकीच्या धुराबद्दल मात्र लोक जेवढी काळजी करतात तेवढी गरज नाही. जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच्या फेरीला पंचवीस लिटर डिझेल धरलं तर सुमारे ६७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. ट्रकमध्ये नुसती फुगलेली काडी तीन टनच मावली तरी किलोभर हायड्रोजनमागं तो पाव किलोच्या आतच राहतो. दाबून गठ्ठे केले तर त्याहून पुष्कळ कमी. विजेचं ओझं याहून मोठं आहे. ऑक्सिजन वेगळा करायला, हायड्रोजन शुद्ध करून दाबायला मिळून किलोमागं तीन युनिट जरी जाळ्यातून घेतली, तरी दोन किलोंची मर्यादा तिथंच ओलांडली जाते. काडीचा हायड्रोजन हरित राहतो की नाही, हे बऱ्याच वेळा कारखान्याच्या छपरावर आणि शेजारच्या माळावर सौरपट्ट्या आहेत की नाहीत यावर ठरतं.

भट्टीच्या मागच्या दारानं काय बाहेर पडतं, हेही पाहायला हवं. वायू थंड करताना त्यातलं डांबर आणि फिनॉलयुक्त पाणी निघतं. जुन्या काळच्या लहान वायूभट्ट्यांपैकी पुष्कळ याच पाण्यामुळं बदनाम झाल्या, कारण ते जवळच्या नाल्यात सोडलं गेलं. आजच्या तंत्रात डांबर भट्टीतच फोडता येतं, तरी पाणी तपासणारा माणूस कारखान्याच्या पगारावर नसावा इतकी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. आणि राख. काडीतलं पालाश, स्फुरद, चुना हे सगळं राखेत उतरतं. नत्र मात्र भट्टीत निघून जातं. जिवाणूंच्या पद्धतीत नत्रसुद्धा मळीत टिकतं, आणि ती मळी शेतात परत नेता येते. ही त्या पद्धतीची मोठी जमेची बाजू आहे. मात्र दुसऱ्या टप्प्यावरचा मिथेन कुठं गळला तर सगळी कमाई पाण्यात जाते, कारण शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसेक पट तापवतो. हायड्रोजनही गळला तर निरुपद्रवी नाही. हवेतला मिथेन साफ करणारे रेणू तो खाऊन टाकतो, आणि त्यामुळं त्याचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या साधारण बारापट धरावा लागतो, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढं आलं आहे.

राखेची गोष्ट मला एका बैठकीत कळली. गावातल्या मारुतीच्या पारावर आम्ही पंधरा-वीस जण बसलो होतो. मी पऱ्हाटीचा दर, तिची गोळाबेरीज, भट्टी असं सगळं समजावून सांगत होते. एक म्हातारी बाई सगळं ऐकून म्हणाली, “पऱ्हाटी नेता त न्या बाप्पा, पन राख वापस देसान का?” त्या दिवसापर्यंत माझ्या टिपणांत राखेची नोंद ‘विल्हेवाट’ या मथळ्याखाली होती. आता राख परत करण्याचा करार ही काडी घेण्याची पहिली अट असावी, असं मी या पुस्तकात लिहिलं आहे. राखेबरोबर कोळशाचा भागही परत द्यावा. भट्टी थोडी कमी तापवली, काही कार्बन कोळशाच्या रूपात मागं ठेवला, तर तो मातीत शेकडो वर्षं टिकतो आणि माती धरून ठेवते तो ओलावाही वाढतो. पण कोळशात ठेवलेला प्रत्येक किलो कार्बन म्हणजे तेवढा कमी हायड्रोजन. कारखान्याला हायड्रोजन हवा आणि वावराला कोळसा. ही वाटणी फक्त अभियंत्यांनी ठरवू नये.

कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीत पुरला, तर हाच हायड्रोजन शून्याच्याही खाली जाईल, असं सांगितलं जातं. हे तत्त्वतः बरोबर आहे: किलोमागचे ते सतरा किलो हवेत परत गेलेच नाहीत तर हवा तेवढी हलकी होते. यातलं आपल्यासाठी विशेष असं की आइसलँडमध्ये बेसाल्टच्या खडकात पाण्याबरोबर सोडलेला कार्बन डायऑक्साइड दोन वर्षांत बहुतेक सगळा दगड होऊन बसला, हे २०१६ मध्ये सिद्ध झालं. आणि आपलं अर्धंअधिक राज्य बेसाल्टवरच उभं आहे. पण तिथला खडक तरुण आणि सच्छिद्र आहे, आपला साडेसहा कोटी वर्षांचा. त्यावर संशोधन होऊ द्यावं. तोपर्यंत या आशेच्या भरवशावर आज कुठल्याही कारखान्याला माफी देऊ नये.

काडीवर हक्क सांगणारे आता कमी नाहीत. नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या सांगण्यावरून झालेल्या पाहणीत देशात वर्षाला सुमारे ७५ कोटी टन जैवभार निघतो आणि त्यातला सुमारे २३ कोटी टन जास्तीचा आहे, असा अंदाज आहे. या जास्तीच्या काडीकडे औष्णिक वीज केंद्रं गोळ्या करून कोळशात मिसळायला पाहतात, २०१८ पासूनच्या योजनेतले बायोगॅसवाले पाहतात, पानिपतसारखे दुसऱ्या पिढीतल्या इथेनॉलचे कारखाने पाहतात, आणि आता हायड्रोजनवाले. प्रत्येकाच्या अहवालात तेच २३ कोटी टन आहेत. शिवाय ‘जास्तीची’ हा शब्द ज्या देवघेवी वहीत लिहिलेल्या नसतात त्यांना मोजत नाही.

म्हणून मी पुन्हा त्या चिमटा घेऊन येणाऱ्या बायांकडे येते. पऱ्हाटीला टनामागं दर मिळू लागला की शेतकरी तिची मोळी कुणाला फुकट नेऊ देणार नाही. त्याचा दोष नाही. कापसाच्या भावानं त्याला पुरतं पिळलेलं आहे. पण जिच्या घरी सिलिंडर आहे आणि भरायला पैसे नाहीत, ती बाई चूल पेटवायला मग झुडपी जंगलात जाईल. तिथून तोडलेल्या पळसाच्या आणि धावड्याच्या फांद्यांचा कार्बन कुणाच्या खात्यावर लिहायचा? माझ्या मते तो हायड्रोजनच्या खात्यावर लिहिला पाहिजे. शेवटच्या प्रकरणात मी एका गावापुरता तो लिहून दाखवला आहे. पऱ्हाटी गोळा करण्याचं काम, तिचा तोलकाटा आणि सरपणापुरता राखून ठेवायचा हिस्सा त्याच बायांच्या गटाकडे दिला तर आकडे कसे बदलतात, तेही तिथं मांडलं आहे. ही प्रस्तावना लिहीत असताना फेब्रुवारी सरत आला आहे आणि खिडकीतून समोरच्या धुऱ्यावर दोन ढीग पेटलेले दिसत आहेत.